कासारटेक स्टेशनचा दुसरा रिपोर्ट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

कासारटेक! जवळजवळ सहा वर्षांनी हे नाव कानावर आलं — आणि तेही माझ्याच घरात, श्यामलाने केलेला चहा पिता पिता.

संयोगिता नावाची बाई आली होती. चाळिशीच्या आतली, बोलायला फटकळ. माझ्या बायकोची, श्यामलाची, जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे फोनबिन न करता थेट दारात. कासारटेकच्या हायस्कूलला इतिहास शिकवते. "सर, निवृत्तीनंतर तुम्ही जुन्या देवळांच्या चुन्याच्या कामावर बोलता, ते मी दोनदा ऐकलंय. आमचं स्टेशन तेवढं वाचवा!"

स्टेशन म्हणजे जुनी इमारत. हातकणंगल्याच्या अलीकडे, संस्थानच्या काळातली, काळ्या दगडाची, तीन खोल्या आणि पुढे व्हरांडा. शेजारी नवी इमारत झालीच आहे. आता जुनी पाडून तिथे पार्किंग. एप्रिलात पाडणार.

"कुठल्या तरी इंजिनिअरने दोन हजार एकोणीसला लिहून दिलं, धोकादायक म्हणून. आत पाऊल तरी टाकलं होतं का त्याने, देव जाणे!"

माझं बिस्कीट कपात पडलं.

"नाव काय त्याचं?" मी विचारलं. मी! अगदी सहज. हात पुसत.

"माहितीच्या अधिकारात रिपोर्ट मागितलाय. अजून आला नाही."

श्यामला मधेच म्हणाली, "यज्ञेश्वर येतील की. घरात बसून तरी काय करतात!" आणि मी हो म्हणालो. रविवारी येतो म्हणालो.

४ फेब्रुवारी

तो इंजिनिअर मी आहे. हे कुणालाच कधी सांगितलेलं नाही, निदान कागदावर तरी सरळ लिहावं.

ऑगस्ट २०१९. पूर ओसरला होता. अर्ध्या कोल्हापूरला पाण्याच्या खुणा आणि प्रत्येकाला रिपोर्ट हवा — घर राहायला चालेल का, दुकान उघडू का. आमच्या ऑफिसने पंधरा दिवसांत चाळीसच्या वर रिपोर्ट दिले. मी चार तास झोपत होतो. हे कारण म्हणून लिहितोय का? हो. कारण म्हणूनच लिहितोय.

कासारटेकचं काम त्यातच आलं. दुपारी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याची मीटिंग होती. पाऊस लागलेला. फाटकापाशी गाडी उभी केली, काच खाली केली, दोन फोटो काढले, काच वर केली. उतरलो नाही. ऑफिसात येऊन शाहूपुरीतल्या एका बुडालेल्या बंगल्याच्या रिपोर्टातला परिच्छेद उचलला आणि इथे चिकटवला: 'पाया संततच्या ओलाव्याने खचलेला असून भिंतींस तिरके तडे आढळले. इमारत सार्वजनिक वापरास धोकादायक.' खाली सही.

कासारटेक टेकावर आहे. नावातच टेक! तिथे पुराचं पाणी कधी आलेलंच नाही.

महिन्याभरात इमारतीला कुलूप लागलं. मला पत्राची प्रत आली होती. फाईलला लावली.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या पॅसेंजरने गेलो. मुद्दाम रेल्वेनेच. फलाटावर उतरलो आणि पहिल्यांदा ती इमारत पायी चालत जाऊन पाहिली.

सुंदर आहे. घडीव दगड, सांध्यांत सुरी शिरणार नाही असं काम. पायऱ्यांचे दगड माणसांच्या पायांनी मधोमध खोलगट झालेत. तिकिटाच्या खिडकीला लाकडी फळी, तिच्यावर नाण्यांनी पडलेला खळगा. कुलूप गंजलंय. बाहेरून भिंत हाताने चाचपत एक फेरी मारली. तिरका तडा? एकही नाही. एकही!

संयोगिताने बयाबाईंची ओळख करून दिली. पंचाहत्तरीच्या. स्टेशनच्या कुंपणाबाहेर पत्र्याच्या आडोशाला त्यांचं चहाचं दुकान. पूर्वी ते आतच होतं, वेटिंग रूमच्या कोपऱ्यात, तीस वर्षं. नवरा गणपतराव इथेच पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारे. सासू धोंडुबाई फलाटावर गुळाच्या ढेपा मोजायची.

"या पावणं, बसा की. च्या घ्या. शाळंच्या बाई म्हणत हुत्या, लई मोठं इंजिनेर हायसा."

चहा घेतला.

"कुलूप लागलं तसं मालक घरातच बसलं," त्या म्हणाल्या, गणपतरावांबद्दल. "रिटायर झाल्यावर बी रोज यायचं हितं. सकाळची गाडी, दुपारची गाडी. मग दोन वर्सं घरातनं भाईर न्हाईत. मग गेलं."

त्यांनी हे असं सांगितलं, जसं कुणी गाडी लेट आहे म्हणून सांगावं.

१० फेब्रुवारी

श्यामला म्हणाली, "काल काय झालं तिकडे? आल्यापासून गप्प आहात." ऊन लागलं म्हणालो.

१६ फेब्रुवारी, रविवार

आत जायची परवानगी मिळाली. नव्या इमारतीतल्या स्टेशन मास्तरांनी स्वतः कुलूप उघडलं. तेल घालून घालून शेवटी उघडलं. बयाबाई आमच्या मागोमाग आल्या आणि दारातच थांबल्या. चप्पल काढली त्यांनी!

संयोगिताने वही काढली, मी टेप. त्या सांगत होत्या, मी मापं घेत होतो. इथं दिवे ठेवायचे. इथं रुळाचा तुकडा टांगलेला, गाडी सुटली की हातकणंगल्यावरनं फोन यायचा आणि मालक तो बडवायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी वळिवड्याच्या निर्वासित कॅम्पात निघालेल्या पोलंडच्या गोऱ्या बायका चुकून इथे उतरल्या होत्या. सासूने त्यांना गूळ आणि पाणी दिलं. एकीने सासूच्या हातावर बटण ठेवलं, कोटाचं. "आत्याबाईनी जलमभर जपलं. पैसा समजून न्हवं. दिलंय म्हणून."

जोतिबाच्या यात्रेला या खोलीत माणूस माणसावर झोपायचा. कुस्तीच्या मैदानाला पैलवान यायचे, त्यांच्या दुधाच्या किटल्या वेगळ्या. पोरी बघायला आलेली पाहुणेमंडळी इथेच बसून होकार-नकार ठरवायची. बयाबाईंचं स्वतःचं लग्न याच बाकावर ठरलं!

भिंती हातोडीने वाजवून पाहिल्या. खणखणीत. पायाजवळ दोन ठिकाणी खणलं — कोरडा, पक्का मुरूम. आणखी शंभर वर्षं हलणार नाहीत या भिंती.

परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलो. संयोगिता म्हणत होती, "सर, तुम्ही देवासारखे भेटलात." गडमुडशिंगीकडच्या उसाकडे बघत राहिलो.

२ मार्च, रविवार

सांगितलं. बयाबाईंना सांगितलं.

ठरवून गेलो नव्हतो. गिऱ्हाईक नव्हतं, त्या ग्लास विसळत होत्या. मी म्हणालो, "तो दोन हजार एकोणीसचा रिपोर्ट मी लिहिला होता."

त्यांना आधी समजलंच नाही. मग पुन्हा सांगितलं — फाटकापाशी गाडी, पाऊस, दोन फोटो.

"म्हंजी तुमी आत आलाच न्हवता?"

"नाही."

"गाडीतनं उतरला बी न्हाईसा?"

"नाही."

पाणी तसंच वाहत होतं. त्यांनी नळ बंद केला. मला वाटलं, आता शिव्या देतील. देतील तर बरं, असंही वाटलं.

"आमच्या मालकांनी तुमच्या लिवण्यावर इस्वास ठेवला की वो," त्या म्हणाल्या. "मला म्हणालं, बया, शिकल्याली माणसं बघून गेल्यात. भित खरंच वाईट झाली असंल. तू आत जाऊ नगंस. चाळीस वर्सं त्या भितीला टेकून बसल्याला माणूस! त्येलाच तिचं भ्या वाटाय लागलं."

मी हात जोडले. माफी हा शब्द तोंडातून निघाला आणि त्यांनी तो तिथेच तोडला.

"माफी-बिफी मला कळत न्हाय. तुमी कुलूप लावलंसा, आता तुमीच काढा. मालक गेलं, पर मी हाय. मला माझ्या कोपऱ्यात बसूदे एकदा."

काढतो म्हणालो. शब्द दिला.

९ मार्च, रविवार

आज छपरावर. मंगळुरी कौलं, त्यांना पेलणाऱ्या सागवानी कैच्या. हातकणंगल्याहून भाड्याने आणलेल्या शिडीवर मी सहासष्टाव्या वर्षी! संयोगिता खाली शिडी धरून ओरडत होती.

पूर्वेची खोली उत्तम. मधली उत्तम. पश्चिमेची — वेटिंग रूमची — मधली तुळई भिंतीत जिथे शिरते, तिथे स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा! वाळवी. वरून रंग शाबूत, आत भुसा. सहा वर्षं खोली बंद, कौल सरकून पाणी झिरपलेलं, कुणी बघायला नाही.

म्हणजे माझ्या खोट्या कागदाने इमारतीला कुलूप लागलं आणि त्या कुलपाने ती खरंच धोकादायक केली. एका खोलीपुरती. बयाबाईंच्या कोपऱ्याच्या बरोबर वर.

खाली आलो. "काय सर?" — संयोगिता. "बघू," म्हणालो.

११ मार्च

माहितीच्या अधिकारातला कागद आला. संयोगिता शाळा सुटल्यावर थेट घरी. तिने कागद टीपॉयवर ठेवला आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

श्यामलाने वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मी पोहे टाकते," म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही.

संयोगिता रडेल किंवा भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बयाबाईंनी मला कालच सांगितलं. रागाचं नंतर बघू, सर. मला वेळ नाही. मी विभागीय कार्यालयाशी फोनवर बोललेय. ते म्हणतात, ज्यांनी पहिला रिपोर्ट दिला त्यांनीच तो मागे घेऊन, इमारत पूर्णपणे सुरक्षित आहे असं लिहून दिलं, तर पाडण्याचा फेरविचार करू."

"पूर्णपणे?"

"पूर्णपणे. अंशतः हा शब्द आला की फाईल बंद. दुरुस्तीला त्यांच्याकडे तरतूद नाही."

मी तिला तुळईचं सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "ती एक ओळ राहूदे की सर. तुळई आपण आपली बदलून घेऊ. आठ दिवसांचं काम. आधी इमारत तर उभी राहू दे!"

पोहे आले तेव्हा ती गेली होती.

१२ मार्च

श्यामला बोलत नाही. भांडीसुद्धा आवाज न करता ठेवतेय. ते जास्त ऐकू येतं.

१५ मार्च

श्रेयस संतापलाय. ऑफिस आता तोच चालवतो. "बाबा, आपल्या लेटरहेडवर 'आधीचा रिपोर्ट प्रत्यक्ष पाहणी न करता दिला होता' असं लिहिणार तुम्ही? उद्या प्रत्येक क्लायंट विचारेल, आमच्यावेळी तरी आला होता का!"

"बरोबरच विचारेल," मी म्हणालो.

"मग तुळईची ओळ का गाळताय? कबुली द्यायचीय तर पूर्ण द्या!"

याला कुठून कळलं? श्यामलाने सांगितलं असणार. तिला मी कालच सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "तुम्ही ठरवाल ते. पण मला विचारू नका, बरोबर केलं का म्हणून."

श्रेयसला काय सांगू? त्या बाईंना शब्द दिलाय म्हणून? हे कारण इंजिनिअरने द्यायचं?

१७ मार्च, सोमवार

रिपोर्ट लिहिला. अकरा पानं. पाया, भिंती, सांधे, चुन्याचे नमुने, प्रत्येक खोलीची मापं, छत्तीस फोटो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला रिपोर्ट. पहिल्याच परिच्छेदात कबूल केलं की पूर्वीचा अहवाल जागेवर न उतरता दिला होता आणि तो मी मागे घेत आहे. ते वाक्य लिहिताना छाती हलकी झाली, खरंच झाली.

मग पान नऊ, छप्पर. 'पश्चिमेकडील खोलीतील मध्य तुळईचे दक्षिण टोक वाळवीने पूर्णतः पोखरलेले आहे. दुरुस्तीपर्यंत ही खोली वापरू नये.' लिहिलं. वाचलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. श्यामलाने दिवा लावून देवघरात हात जोडले, ते दिसलं. पुसलं.

'छप्पर समाधानकारक.'

सही.

एकदा न बघता वाईट लिहिलं. या वेळी बघून चांगलं लिहिलं. यातलं जास्त वाईट कुठलं? स्वतःला सांगतोय की पाडणं थांबलं की आठ दिवसांत तुळई बदलेन. कुणी आत जायच्या आधीच बदलेन. मग ते वाक्य खरंच होईल, फक्त थोडं उशिरा.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्यामला हसली, जवळजवळ तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मला फार आधार वाटला त्याचा.

७ एप्रिल, सोमवार

वाचली! पाडण्याचा आदेश स्थगित. पत्रात लिहिलंय, सल्लागाराचा सुधारित अहवाल समाधानकारक आढळल्याने इमारत गावाच्या संग्रहालयासाठी व प्रवाशांच्या बसण्यासाठी ठेवण्याचा विचार आहे. संयोगिता फोनवर नुसती किंचाळत होती. मागून शाळेचा गलका.

सुताराला फोन केला. "सर, सासनकाठी हाय आमच्या घरात, यात्रंला नाचवत न्यायाची. जोतिबासनं आलो की लगेच." यात्रा बाराला आहे. ठीक. पण कुलूप उघडण्याचा कार्यक्रम तेराला ठरलाय! एक आठवडा पुढे ढकला म्हटलं, तर संयोगिता म्हणाली, "पत्रिका वाटल्या सर. बाहेरच्या व्हरांड्यातच करू ना सगळं."

निदान दोन टेकू तरी लावून ठेवू म्हणालो. ती म्हणाली, "फोटोत येतील. रेल्वेचे साहेब विचारतील, टेकू कशाला? चार दिवस थांबा." थांबलो.

१३ एप्रिल, रविवार

कुलूप बयाबाईंच्या हातून काढलं. ताशा, गुलाल, शंभर-दीडशे माणसं. मला शाल, नारळ आणि फेटा. फेट्याखाली डोकं नुसतं तापत होतं.

शाळेतले एक मास्तर भाषणात म्हणाले, "चूक कबूल करायला सिंहाचं काळीज लागतं!" टाळ्या. माझ्या कबुलीच्या टाळ्या! त्या मी घेतल्या, खाली मान घालून, विनयाने.

श्यामला आली नव्हती.

वेटिंग रूमच्या दाराला मीच कडी घातली आणि समोर उभा राहिलो, कुणी आत जाऊ नये म्हणून. बयाबाई माझ्याजवळ आल्या. नवं लुगडं नेसलेल्या. "साहेब, मी बसू का आत? वाईच?"

"अजून आठ दिवस थांबा."

"का वो?"

खरं सांगायचं होतं. मागे साहेब मंडळी उभी, संयोगिता माझ्याकडे बघतेय. म्हणालो, "साफसफाई व्हायचीय आतली. धूळ फार आहे."

"बरं," म्हणाल्या. लहान मुलीसारख्या लगेच ऐकल्या.

१६ एप्रिल

सुतार जोतिबाहून आला, तर त्याच्याकडे आधी कबूल केलेल्या लग्नमांडवाचं काम. पंचवीस तारीख देतोय. दुसरा बघू का? जुन्या सागवानी कैचीला हात लावणारा दुसरा इथे नाही. टेकूही तोच आला की लावू. नऊ दिवसांचा प्रश्न.

१९ एप्रिल

उकाडा फार. संध्याकाळी पन्हाळ्याच्या बाजूला ढग जमतात आणि जातात. रोज वर बघतो. आज स्टेशनवर फोन करून विचारलं, वेटिंग रूमला कडी आहे ना? "आहे की," मास्तर म्हणाले. "का, काय विशेष?" काही नाही म्हणालो.

२२ एप्रिल, मंगळवार

चार वाजता वळीव आला. नुसता वारा, गारा, पत्रे उडाले. मी खिडकीशी उभा राहून एकेक मिनिट मोजत होतो. साडेपाचला संयोगिताचा फोन.

तुळई आली खाली. कौलांसकट.

बयाबाई आत होत्या.

२३ एप्रिल

मांडीचं हाड मोडलंय, खुबा, तीन बरगड्या. डोक्याला टाके. वाचल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, चालतील का ते सांगता येत नाही.

संयोगिता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती. तिने सांगितलं, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बयाबाई झाडू, सूप आणि पाण्याची बादली घेऊन आत गेल्या. मास्तरांना म्हणाल्या, साहेब म्हणालेत आतली साफसफाई राहिलीय, ती झाली की बसायला मिळंल. मीच करून टाकतो.

साफसफाई. मी दिलेलं कारण!

संयोगिता म्हणाली, "मीच म्हणाले होते ओळ काढा म्हणून." मी म्हणालो, "सही माझी आहे." ती माझ्या मुलीच्या वयाची. तिच्या अंगावर गुलालाच्या दिवसाचीच साडी होती.

२४ एप्रिल, गुरुवार

बयाबाई शुद्धीत. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले होते. मी स्टुलावर बसलो.

"साहेब, मी सांगिटलंय पोलिसास्नी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "साहेब नगं म्हणालतं, मीच गेलो. वाऱ्यानं कौलं आली म्हणून सांगिटलं. तुमी काय बोलू नगासा."

"बयाबाई—"

"तुळई किडकी हुती म्हटलं की पाडतील की वो समदं. एवढं करून!"

मी मान खाली घातली.

"तुमाला ठावं हुतं न्हवं? वर चढलासा त्या दिशी?"

"हो."

"मग मला तरी सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी काय कुणाला बोललो असतो व्हय?"

आणि डोळे मिटून घेतले. मी अर्धा तास बसलो. त्यांनी उघडले नाहीत.

श्रेयसचं म्हणणं, नशीब समजा. जबाब झाला, नैसर्गिक आपत्ती म्हणून नोंद होईल, इमारतही राहील, ऑफिसही राहील. सगळं खरं आहे. मी एक शब्द न बोलता सगळं वाचतंय.

२५ एप्रिल

सुतार आज ठरल्याप्रमाणे कासारटेकला हजर झाला. फोन आला — "सर, आलोय. कुठली तुळई बदलायची?"

२६ एप्रिल, शनिवार

पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहितोय. शेजारी श्यामला आहे. न सांगता बरोबर आली.

दोन्ही रिपोर्ट दिले. ठाणे अंमलदार म्हणाले, "म्हातारी म्हणते चूक तिची. तुम्ही म्हणता तुमची. मी खरं काय धरू? तुमच्याकडे लेखी काही आहे का, त्या वेळचं?"

ही वही त्यांच्या टेबलावर ठेवली. एवढ्या चार ओळींसाठी परत मागून घेतली आहे.